लष्करी वैमानिक होताना आणि झाल्यावर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वीस वर्षांहून अधिक काळ मी लष्कराची हेलिकॉप्टरं उडवली. आता नाशकात असतो. लातूर, जळगाव, सांगली, कुठून कुठून मुलामुलींचे प्रश्न येतात आणि जवळजवळ तितकेच त्यांच्या आईवडिलांचे. तीच उत्तरं पुन्हा पुन्हा लिहिण्यापेक्षा इथे एकत्र करून ठेवली आहेत. वयाच्या आणि वैद्यकीय अटी अधूनमधून बदलतात, म्हणून अर्ज भरताना त्या वर्षीची जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

१. सैन्यदलात पायलट व्हायचंय. मार्ग किती आहेत?

बारावीनंतर एनडीए, म्हणजे पुण्याजवळ खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. यूपीएससीची परीक्षा वर्षातून दोनदा होते, वय साडेसोळा ते साडेएकोणीस, आणि हवाई दल किंवा नौदल हवं असेल तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं. खडकवासल्याला तीन वर्षं झाली की हवाई दलाचा कॅडेट हैदराबादजवळ दुंडिगलच्या अकादमीत जातो. पदवीनंतर दोन मोठी दारं आहेत: सीडीएस ही यूपीएससीची परीक्षा, ज्यातून कायम कमिशन (निवृत्तीपर्यंतचं अधिकारीपद) मिळतं, आणि एफकॅट ही हवाई दलाची परीक्षा, ज्यातून उड्डाण शाखेला १४ वर्षांचं शॉर्ट सर्व्हिस (ठरावीक मुदतीचं) कमिशन मिळतं. दोन्हीकडे वय २० ते २४, व्यावसायिक वैमानिकाचा परवाना हातात असेल तर २६ पर्यंत. एनसीसीच्या एअर विंगचं 'सी' प्रमाणपत्र असेल तर त्याचा वेगळा प्रवेश आहे. नौदल आणि तटरक्षक दल आपापले वैमानिक घेतात.

लष्कराचं वेगळं आहे. आधी अधिकारी व्हायचं, मग एव्हिएशन (लष्कराची उड्डाण शाखा). आर्मी एव्हिएशन कोर १ नोव्हेंबर १९८६ ला उभी राहिली, आणि तिचे वैमानिक आमच्या नाशिकरोडजवळ गांधीनगरच्या 'कॅट्स'मध्ये, म्हणजे लष्कराच्या उड्डाण प्रशिक्षण शाळेत, घडतात. ज्याला विमानापेक्षा जवानांच्या जवळ राहून उडायला आवडेल, त्यानं हा मार्ग दुसरा पर्याय समजू नये.

२. महाराष्ट्रात तयारीची सरकारी सोय कुठे आहे? क्लासला लाखभर भरायची ऐपत नाही.

भरू नका. छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवा पूर्वतयारी संस्था १९७७ पासून मुलांना एनडीएसाठी तयार करते. दहावीच्या वर्षी तिची प्रवेश परीक्षा असते. मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला २०२३ मध्ये सुरू झाली. सातारा आणि चंद्रपूरला सैनिक शाळा आहेत, त्यांचा प्रवेश सहावीला आणि नववीला होतो. या जागा हुकल्या तरी गणिताचा पाया आणि रोज एक इंग्रजी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायची सवय घरी बसून लागते. गावाकडची मुलं मुलाखतीत अडखळतात ती बोलायच्या सवयीमुळे, बुद्धीत ती कुठेच कमी नसतात.

३. चष्मा आहे. उंची १६१ आहे. संपलं का?

उंचीचं आधी. उड्डाण शाखेला किमान १६२.५ सेंटिमीटर लागते, आणि नुसती उंची बघत नाहीत. पायाची लांबी ९९ ते १२०, बसल्यावरची उंची ८१.५ ते ९६ आणि मांडी जास्तीत जास्त ६४ सेंटिमीटर. कारण सरळ आहे: पाय पॅडलपर्यंत पोचले पाहिजेत, डोकं छताला लागता कामा नये, आणि सीट बाहेर फेकली गेली तर गुडघे समोरच्या पॅनेलवर आपटता कामा नयेत. लटकून उंची वाढवण्याच्या जाहिरातींना पैसे देऊ नका.

चष्म्याचं थोडं गुंतागुंतीचं आहे. एनडीएतून उड्डाण शाखेला लेझर शस्त्रक्रिया चालत नाही. पदवीनंतरच्या मार्गानं ती काही अटींवर चालते: शस्त्रक्रिया वयाच्या विशीनंतरची हवी, तिला वर्ष झालेलं हवं, आणि डोळ्याची अक्षीय लांबी २५.५ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. शेवटची अट लोक विसरतात. शस्त्रक्रियेनं नंबर जातो, लांबी जात नाही. म्हणून पैसे भरण्याआधी लांबी मोजून घ्या. सतरा-अठराव्या वर्षी घाईनं लेझर करून घेतलेली मुलं मला लिहितात, तेव्हा फार वाईट वाटतं. तो रस्ता त्यांनी स्वतःच बंद केलेला असतो.

४. वैमानिक निवड चाचणी एकदाच देता येते म्हणतात. खरं आहे का?

खरं आहे. सीपीएसएस ही संगणकावरची चाचणी आयुष्यात एकदाच. तीत नापास झालात तर उड्डाण शाखा बंद, बाकी शाखा उघड्या. ती हात, डोळा आणि कान एकाच वेळी किती चालतात ते बघते. घोकंपट्टीचा उपयोग नाही. आदल्या रात्री पूर्ण झोप आणि सूचना ऐकताना दुसरं काहीही डोक्यात न आणणं, एवढंच तुमच्या हातात आहे. सूचना कळली नाही तर तिथल्या तिथे विचारा. लाजून गप्प बसलेला उमेदवार पुढच्या अर्ध्या तासात कायमची संधी घालवतो.

५. मुलगी आहे. खरंच लढाऊ विमान मिळतं का, की फक्त फोटोपुरतं?

मिळतं. अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग या तिघी जून २०१६ मध्ये लढाऊ शाखेत आल्या. नौदलात शिवांगी डिसेंबर २०१९ मध्ये पहिली महिला वैमानिक झाली, आणि कॅप्टन अभिलाषा बराक मे २०२२ मध्ये आमच्या नाशकातूनच लष्कराची पहिली महिला लढाऊ हेलिकॉप्टर वैमानिक म्हणून विंग्ज (वैमानिकाचा बिल्ला) लावून बाहेर पडली. एनडीएत मुलींची पहिली तुकडी २०२२ ला दाखल झाली आणि मे २०२५ मध्ये १७ जणी उत्तीर्ण झाल्या. गरोदरपणात उड्डाण थांबतं आणि बाळंतपणानंतर वैद्यकीय तपासणी होऊन पुन्हा सुरू होतं. यामुळे करिअर संपतं असं सांगणाऱ्या काकांना ही ओळ वाचायला द्या.

६. फायटर, ट्रान्सपोर्ट की हेलिकॉप्टर, हे कोण ठरवतं? मला फायटरच हवंय.

हवाई दलात सगळ्यांचं सुरुवातीचं प्रशिक्षण पिलाटस पीसी-७ या विमानावर होतं. मग तुमचे गुण, इन्स्ट्रक्टरचं मत, तुमची पसंती आणि दलाची गरज बघून वाटा फुटतात: फायटरवाले पुढे बिदरला हॉक या प्रशिक्षण जेटवर, ट्रान्सपोर्टवाले येलहंक्याला, हेलिकॉप्टरवाले हकिमपेटला. पसंती विचारतात, पण ती शेवटचा शब्द नसते.

फायटर न मिळालेल्या मुलाच्या घरी सुतक असल्यासारखं वातावरण असतं. मला ते कळत नाही. सियाचिनमध्ये वीस हजार फुटांच्या आसपास, पाट ठेवता येईल एवढ्या हेलिपॅडवर चीता हेलिकॉप्टर उतरवणं हे कुठल्याही लढाऊ उड्डाणाइतकंच पणाला लावणारं काम आहे. वरच्या चौकीतला जवान हेलिकॉप्टरचा आवाज ऐकून बाहेर येतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे दिसतं त्यासाठी मी पुन्हा जन्मभर हेलिकॉप्टरच उडवीन.

७. पहिल्या चार सॉर्टींत (उड्डाणांत) मला उलट्या झाल्या. इन्स्ट्रक्टरला कळलं तर काढून टाकतील?

कळलंच पाहिजे. प्रशिक्षणार्थींत हे नेहमीचं आहे, आणि बहुतेकांचं शरीर उड्डाणं वाढली की रुळतं. रिकाम्या पोटी जाऊ नका, तुडुंब जेवूनही नको. दोन पोळ्या किंवा साधा भात बरा. कॉकपिटमध्ये मान खाली घालून नकाशा शोधत बसू नका, नजर क्षितिजावर ठेवा, गार हवेचा झोत तोंडावर घ्या. 'सर, मळमळतंय' हे वेळेवर सांगितलंत तर ते दोन मिनिटं सरळ उडवतील. गावातल्या दुकानातून उलटीची गोळी आणून गुपचूप घेऊ नका. त्या गोळ्यांनी झोप येते. नाहीच रुळलं तर बंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनमध्ये त्यावर पद्धतशीर उपचार होतात आणि माणसं परत उडतात.

८. साधी सर्दी आहे. एवढ्यासाठी डॉक्टरकडे गेलो तर उड्डाण जाईल. काय करू?

जाऊ द्या ते उड्डाण. मी नाही जाऊ दिलं, म्हणून हे सविस्तर लिहितो.

कॅप्टन होतो. उंचावरच्या चौकीवर एक जवान आजारी होता, त्याला खाली आणायचं होतं. सकाळपासून नाक चोंदलेलं. डॉक्टरला सांगितलं नाही, कारण माझ्या जागी कोण जाणार असा भ्रम होता. वर जाताना काहीच झालं नाही. जवानाला मागे घेतलं आणि उतरायला लागलो. पहिल्या काही मिनिटांत डाव्या भुवईवर कोणी सुई ठेवल्यासारखं वाटलं. मग ती सुई आत जाऊ लागली. डोळ्यातून इतकं पाणी आलं की कॉकपिटमधल्या उपकरणांची घड्याळं पुसट झाली. मी सहवैमानिकाला 'तू घे' म्हणालो. त्यानं हेलिकॉप्टर पुन्हा थोडं वर नेलं आणि मग अगदी हळूहळू उतरवलं. त्या हळूहळूत गेलेली मिनिटं मागे ऑक्सिजन लावून पडलेल्या जवानाची होती. तो वाचला. पण माझ्या नाकापायी त्याचा वेळ गेला, हे मी विसरलो नाही.

कारण असं: समुद्रसपाटीच्या तुलनेत अठरा हजार फुटांवर हवेचा दाब साधारण निम्मा असतो. वर जाताना कानातली, कपाळाच्या पोकळ्यांतली हवा फुगून बाहेर निसटते. उतरताना तिला परत आत यायचं असतं आणि सुजलेली वाट बंद असते. कानाला दडे बसतात, पडदा ताणतो, कधी फाटतो. हे दुखणं उतरताना येतं, म्हणजे नेमकं लँडिंग करायच्या वेळी. सर्दी लपवली तर एका दिवसाच्या उड्डाणाऐवजी महिनाभर जमिनीवर बसायची पाळी येते.

९. चेकराइडमध्ये (उड्डाणाच्या परीक्षेत) नापास झालो. उड्डाण बंद झालं तर पुढे काय?

एका नापासानं काही बंद होत नाही. जादा सॉर्टी मिळतात, इन्स्ट्रक्टर बदलून बघतात, मग निर्णय होतो. त्या काळात दोन गोष्टी करा. रात्री खुर्चीत बसून, डोळे मिटून, हातानं स्विच दाबल्यासारखं करत अख्खी सॉर्टी मनात उडवा. आणि प्रत्येक डीब्रीफमध्ये (उड्डाणानंतरच्या चर्चेत) स्वतःची चूक आधी स्वतः सांगा. इन्स्ट्रक्टरला सबब नको असते, तुम्हाला चूक दिसली का ते हवं असतं.

तरीही थांबवलंच, तर बहुतेकांना दुसऱ्या शाखेचा विचार करायची संधी मिळते. हवाई दलात २०२२ मध्ये वेपन सिस्टिम्स ही नवी शाखा जाहीर झाली. दोन आसनी विमानातली मागची सीट, दूरनियंत्रित विमानं, क्षेपणास्त्रं ही तिची कामं. वैद्यकीय कारणानं उड्डाण थांबलं असेल तर प्रश्न १६ पाहा.

१०. माझ्याकडून चूक झाली, कोणीच पाहिली नाही, विमान नीट उतरलं. सांगू का?

हा प्रश्न नाव न लिहिता येतो, आणि सगळ्यांत महत्त्वाचा हाच आहे. एका मुलानं लिहिलं होतं: हॉवर करताना (हवेत एका जागी थांबताना) वारा आला, मुलानं कलेक्टिव्ह (हेलिकॉप्टर वर-खाली नेणारा दांडा) जोरात ओढलं, टॉर्कची, म्हणजे गिअरबॉक्सवरच्या भाराची, सुई लाल रेषेपलीकडे गेली आणि क्षणात परत आली. शेजारचा बाहेर बघत होता.

आता त्या क्षणात काय झालं ते बघा. मुख्य गिअरबॉक्सच्या दातांवर ठरल्यापेक्षा जास्त भार आला. कदाचित काहीच झालं नसेल. कदाचित केसाएवढी चीर गेली असेल. ती आज दिसणार नाही. चाळीस तासांनंतर दुसराच कोणी, चार माणसं घेऊन, दरीवरून जात असताना दिसेल. तुम्ही फॉर्म ७०० मध्ये, म्हणजे विमानाच्या देखभालीच्या नोंदवहीत, एक ओळ लिहिली तर तंत्रज्ञ तपासणी करतील, लागलं तर रात्र जागतील, आणि हेलिकॉप्टर सकाळी निर्धोक उभं असेल. न लिहिण्याचा फायदा फक्त तुमच्या अहवालाला.

सांगितल्यावर ओरडा बसेल. एखादे वरिष्ठ चारचौघांत बोलतील, आठवडाभर वाईट जाईल. पण पुढच्या वेळी तुम्ही 'सगळं ठीक' म्हणालात तर ग्राउंड क्रू त्यावर विश्वास ठेवेल. मी स्क्वाड्रनमध्ये नवा मुलगा आला की पहिल्या वर्षात एवढंच बघायचो: वाईट बातमी हा स्वतः आणतो, की दुसऱ्याकडून कळते. त्या मुलानं तिसऱ्या दिवशी सांगितलं. उशीर झाला, पण सांगितलं.

११. पगार किती, आणि पहिल्या पगाराचं काय करावं?

सातव्या वेतन आयोगात अधिकाऱ्याची सुरुवात मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून होते. त्यावर १५,५०० रुपये लष्करी सेवा वेतन, महागाई भत्ता, आणि वैमानिकाला उड्डाण भत्ता. बावीस-तेविसाव्या वर्षी ही रक्कम मोठी वाटते, आणि युनिटमध्ये पहिल्या सहा महिन्यांत तीन नव्या मोटारी दिसतात. मोटार दोन वर्षं थांबू शकते. डीएसओपी फंडात (सैन्यदलातल्या अधिकाऱ्यांचा भविष्यनिर्वाह निधी) पहिल्याच महिन्यापासून जमेल तेवढी जास्त रक्कम लावा, कारण हातात न आलेला पैसा खर्च होत नाही. उड्डाण भत्ता कायमचा धरून घराचा हप्ता ठरवू नका. उड्डाण थांबलं तर भत्त्याचाही प्रश्न येतो.

१२. दलाचा सामूहिक विमा आहेच. खासगी टर्म विमा घ्यावा का?

घरी कोणी तुमच्यावर अवलंबून असेल तर घ्या, पण एजंटला एकच प्रश्न लेखी विचारा: लष्करी उड्डाण करताना मृत्यू आला तर रक्कम मिळेल का? व्यवसाय 'सरकारी नोकरी' एवढाच लिहून स्वस्त हप्ता देणारा एजंट तुमच्या घरच्यांना कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावतो. अर्जात 'लष्करी वैमानिक' असंच लिहा. आणि नामनिर्देशन लग्नानंतर बदला. आईचं नाव तसंच राहून सासू-सुनेत तेढ आलेली घरं मी पाहिली आहेत.

१३. लग्न कधी करावं?

प्रशिक्षणात करताच येत नाही, आणि पंचवीसच्या आतल्या उमेदवाराला अविवाहित असावंच लागतं. त्यानंतरचं तुमचं तुम्ही ठरवा. फक्त स्थळ बघताना समोरच्याला बदल्यांचं, रात्रीच्या उड्डाणांचं आणि धोक्याचं स्पष्ट सांगा. जोडीदाराची स्वतःची नोकरी असेल तर तिचा किंवा त्याचा प्रश्न बायोडेटामागे दडपू नका.

१४. माझा मुलगा पायलट आहे. विमान पडल्याची बातमी आली की जीव जातो. त्याला सारखा फोन करू का?

ताई, तुमचा प्रश्न मी मुलांच्या रांगेत मुद्दाम ठेवला आहे. उड्डाणाआधी फोन करू नका. त्यानं मन जमिनीवर ठेवून उडू नये. त्याच्याशी एक ठरवा: बातमी आली की तो सुखरूप असेल तर जमेल तेव्हा एक अक्षर पाठवेल. माझी आई आणि मी पोस्टकार्डावर हेच करायचो. मुलांनो, तुम्हीही घरी खोटं सांगू नका. 'मी ऑफिसातच असतो' असं सांगणाऱ्याच्या घरचे प्रत्येक बातमीला जास्त घाबरतात.

१५. सहकारी अपघातात गेला. दुसऱ्या दिवशी सगळे उडले, मीही उडलो. पण झोप लागत नाही.

त्याचं लॉकर, त्याचा मग, रोस्टरवरचं त्याचं नाव पुसायला कोणाचाच हात न होणं, हे मला माहीत आहे. उडलात म्हणून तुम्ही दगड नाही, आणि झोप येत नाही म्हणून कच्चे नाही. आठवड्याहून जास्त झोप बिघडली असेल तर युनिटच्या डॉक्टरला सांगा. थोडे दिवस उड्डाणातून बाजूला काढतील, ते शिक्षा म्हणून नाही. थकलेल्या मनाला आपण थकलोय हेच कळत नाही, आणि कॉकपिटमध्ये त्याची किंमत फार आहे. युनिटमध्ये बोलणं अवघड वाटत असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. पुण्याच्या एएफएमसीत (सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात) २०२३ पासून सैन्यदलांसाठी त्याचा स्वतंत्र कक्ष आहे. दारूनं झोप आणू नका. ती झोप नसते.

१६. वैद्यकीय वर्गवारी खाली आली. आता कधीच उडता येणार नाही का? इजेक्ट झालो होतो, त्याचंही सांगा.

तात्पुरती आणि कायमची वर्गवारी वेगळी. तात्पुरतीत ठरलेल्या मुदतीनंतर पुन्हा तपासणी होते आणि बरेच जण परत येतात. इजेक्शनमध्ये सीट वर फेकली जाताना मणक्यावर शरीराच्या वजनाच्या दहा-पंधरा पट किंवा त्याहून जास्त भार येतो, म्हणून दुखत नसलं तरी मणक्याची तपासणी पूर्ण होऊ द्या. अभिनंदन वर्धमान २७ फेब्रुवारी २०१९ ला इजेक्ट झाले आणि त्याच वर्षी मिग-२१ मध्ये परत बसले. उपचारांत घाई केली नाही तर हे होतं.

सुट्टीतल्या काही गोष्टीही याच सदरात येतात. तारकर्लीला स्कूबा केलंत तर निदान एक पूर्ण दिवस उडू नका. रक्तातला नायट्रोजन उंचीवर बुडबुडे करतो. रक्तदान करण्याआधी युनिटच्या डॉक्टरला विचारा. आयुर्वेदिक काढा, जिममधली पावडर, सर्दीची गोळी, यांतलं काहीही 'औषध नाही' असं धरू नका.

१७. एअरलाइनमध्ये कधी जावं? १४ वर्षांनी की पेन्शन घेऊन?

कायम कमिशनवाल्याला पेन्शनसाठी २० वर्षं लागतात. १४ वर्षांच्या शॉर्ट सर्व्हिसला पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी मिळते. त्या मुलानं दहाव्या वर्षापासून नागरी परवान्याची तयारी धरावी: डीजीसीए या नागरी विमान वाहतूक नियामकाचे हवाई नियम, दिशाज्ञान, हवामान हे पेपर, रेडिओचा परवाना, आणि एटीपीएलसाठी (विमान कंपनीत कॅप्टन होण्याचा परवाना) १,५०० तास. हेलिकॉप्टरचे तास विमानाच्या परवान्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत. आमच्यातले बरेच जण जुहूहून मुंबई हायच्या तेलफलाटांकडे उडतात, आणि तिथे समुद्रावरच्या अनुभवाला खरी किंमत आहे.

कायम कमिशनवाल्याला राजीनामा देऊन सहज निघता येत नाही. मंजुरी लागते, आणि ती गरजेप्रमाणे अडते. म्हणून एअरलाइनला होकार देण्याआधी राजीनाम्याच्या अर्जाची स्थिती बघा. आणि लॉगबुक प्रत्येक महिन्याला प्रमाणित करून घ्या. दिवस, रात्र, कॅप्टन म्हणून, सहवैमानिक म्हणून, हे तास वेगवेगळे. युनिट बदललं, कमांडर बदलले, की बारा वर्षांपूर्वीच्या पानावर सही करायला कोणी सापडत नाही.